पाइपलाइनचा गॅस: तीन वर्षांच्या वापरानंतर, शेगडीपासून विहिरीपर्यंत

आमच्या घरी स्वयंपाकाचा गॅस पाइपलाइनने येऊ लागला त्याला या दिवाळीत तीन वर्षे पूर्ण झाली. जी सेवा दिवसातून दोन-तीनदा हाताखालून जाते तिच्याविषयी एवढ्या काळानंतर सविस्तर लिहावे, असे बरेच दिवस मनात होते. सेवा देणाऱ्या कंपनीचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. आपल्याकडे एका भागात घरगुती गॅस पुरवणारी कंपनी बहुधा एकच असते, त्यामुळे हिच्याऐवजी ती, अशी निवड ग्राहकाला करता येत नाही. निवड असते ती सिलिंडर, पाइप आणि विजेची शेगडी यांच्यात. म्हणून हा अभिप्राय कंपनीपेक्षा त्या वस्तूविषयी, म्हणजे नळीतून येणाऱ्या वायूविषयी आहे. तो वायू कुठल्या खडकातून, कोणत्या पद्धतीने आणि कोणाच्या पाण्याला व हवेला धक्का लावून निघतो, हा त्या वस्तूचा भागच आहे असे मी मानते, आणि जोडणी घेताना त्याविषयी मला कोणी काहीही सांगितले नव्हते.

आधी घरातले सांगते. सोसायटीच्या सभेत ठराव झाल्यापासून पहिली शेगडी पेटेपर्यंत चौदा महिने गेले. रस्ता खोदण्याच्या परवानग्यांत वेळ गेला असे सांगण्यात आले आणि त्यावर अविश्वास दाखवण्याचे मला कारण नाही. परंतु फाटकासमोर खोदलेला चर पहिल्या पावसानंतरही उघडा राहिला आणि आमच्या मजल्यावरचे एक वयस्कर गृहस्थ त्यात पाय जाऊन पडले, ही गोष्ट परवानग्यांच्या खाती टाकता येणार नाही. घरातले काम मात्र नीटनेटके झाले. भिंतीला भोक पाडून नळी आत घेतली, मीटर बसवला, प्रत्येक जोडाला साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहिले आणि शेगडीचे नॉझल बदलून ज्योत निळी होईपर्यंत तंत्रज्ञ थांबला. हे नॉझल बदलावेच लागतात, कारण नैसर्गिक वायूच्या एका घनमीटरात एलपीजीच्या घनमीटरापेक्षा बरीच कमी उष्णता असते आणि तेवढीच आच मिळवायची तर छिद्र मोठे लागते. जुन्या नॉझलवर कोणी परस्पर जोडणी करून दिली तर ती घेऊ नये.

दोन्ही वायूंचा स्वभाव वेगळा असतो, हेही जोडणीच्या दिवशी नीट समजून घ्यावे. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे गळला की जमिनीलगत साचतो. पाइपमधला मुख्यतः मिथेन असतो, तो हवेपेक्षा हलका असल्यामुळे वर चढतो. म्हणून आमच्या ओट्यावरची जाळीची झडप, जी आम्ही थंडीत पुठ्ठा लावून बंद करत असू, ती आता बाराही महिने उघडी असते. मिथेनला स्वतःचा वास नसतो. आपल्याला जो उग्र वास येतो तो गळती कळावी म्हणून मुद्दाम मिसळलेल्या गंधकयुक्त रसायनाचा असतो. एका रात्री असाच वास आला तेव्हा तातडीच्या क्रमांकावर फोन केला, आणि चाळीस मिनिटांत माणूस येऊन रबरी नळीचा सैल झालेला क्लॅम्प बदलून गेला. या एका गोष्टीसाठी मी सेवेला मनापासून चांगले म्हणेन.

वापराची सोय वादातीत आहे. गणपतीत मोदकांचे घाणे एकापाठोपाठ काढताना सिलिंडर संपेल ही धास्ती राहिली नाही, आणि सासूबाईंना जड टाकी सरकवावी लागत नाही. भाकरीला मात्र मोठाच बर्नर लागतो. बारीक बर्नरवरची आच पूर्वीपेक्षा मऊ वाटते. खर्चाचा हिशेब करायचा तर १४.२ किलोच्या एका सिलिंडरमधली उष्णता साधारण १६ ते १८ घनमीटर पाइप गॅसमध्ये मिळते, एवढे ध्यानात ठेवावे आणि आपल्या शहरातल्या त्या त्या दिवसाच्या दराने गुणाकार करावा. आमच्या पाच माणसांच्या घरात दोन महिन्यांना तीसेक घनमीटर लागतो. बिलात दोनदा मीटर न पाहता अंदाजाने आकडा टाकला गेला होता, तक्रारीनंतर तो दुरुस्त व्हायला तीन आठवडे लागले. आता मी दर महिन्याच्या एक तारखेला मीटरचा फोटो काढून ठेवते.

दर का बदलतो, हे शोधायला गेले आणि तिथूनच मी या वायूच्या उगमापर्यंत पोहोचले. १ एप्रिल २०२२ पासून महाराष्ट्र सरकारने नैसर्गिक वायूवरचा मूल्यवर्धित कर १३.५ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आणला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबईत घरगुती पाइप गॅसचा दर घनमीटरला ५२ रुपये ५० पैशांपर्यंत चढला. कर एवढा उतरूनही दर चढावा, याचे कारण युक्रेनचे युद्ध आणि आयात गॅस हे होते. आपल्या देशात जेवढा नैसर्गिक वायू वापरला जातो त्याचा जवळजवळ अर्धा बाहेरून, द्रवरूपात, जहाजांनी येतो. त्यात कतारचा वाटा सर्वांत मोठा आणि अलीकडच्या वर्षांत अमेरिकेचा वाटा लक्षणीय आहे. नियमाने घरगुती जोडण्यांना देशी, प्रामुख्याने ओएनजीसी या सरकारी तेल-वायू कंपनीच्या जुन्या क्षेत्रांतल्या स्वस्त वायूचे वाटप आधी होते, त्यामुळे कागदावर माझी शेगडी बऱ्याच अंशी मुंबई हाय आणि वसईच्या समुद्रातल्या गॅसवर पेटते. परंतु जुनी क्षेत्रे आटत आहेत, गाड्यांच्या सीएनजीसाठी लागणारी तूट आयात वायूने भरली जाते, आणि मुख्य वाहिन्यांमध्ये सगळे एकत्र मिसळते. माझ्या ज्योतीतला कण न् कण कुठला, हे कोणालाही सांगता येणार नाही.

माझे माहेर गुहागर तालुक्यातले आहे, त्यामुळे तिथल्या दाभोळ बंदरातल्या जहाजांच्या धक्क्याची बातमी मी विशेष लक्ष देऊन वाचली. ३० मार्च २०१८ रोजी मेरिडियन स्पिरिट नावाचे जहाज तिथे लागले. गेल या सरकारी कंपनीने अमेरिकी कंपनीशी केलेल्या वीस वर्षांच्या करारातली ती पहिली खेप होती, आणि तो वायू लुइझियानातल्या सबाइन पास येथे उणे १६२ अंशांपर्यंत थंड करून, मूळ आकाराच्या सहाशेव्या हिश्शाइतका आकसून जहाजात भरलेला होता. अमेरिकेतल्या वायूचा बहुतांश भाग आज शेल खडकातून निघतो. म्हणजे ज्याला जगभर अपारंपरिक नैसर्गिक वायू म्हणतात, तो कोकणच्या किनाऱ्याला लागून आपल्या वाहिन्यांत शिरला त्याला आता बरीच वर्षे झाली.

‘अपारंपरिक’ हा शब्द इथे घोटाळा करतो. अपारंपरिक ऊर्जा म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर सूर्य, वारा, गोबरगॅस येतो. अपारंपरिक वायू हा मात्र तोच कोट्यवधी वर्षांपूर्वीचा जीवाश्म मिथेन असतो, अपारंपरिक असते ती त्याची जागा आणि त्याला बाहेर काढण्याची रीत. नेहमीच्या साठ्यात वायू सच्छिद्र वालुकाश्मात किंवा चुनखडकात साठलेला असतो आणि वरच्या अभेद्य थराला भोक पाडले की स्वतःच्या दाबाने वर येतो. शेलमध्ये तो ज्या खडकात तयार झाला त्याच घट्ट, पाटीसारख्या खडकात अडकून बसलेला असतो. कोळशाच्या थरात तो कोळशाला चिकटलेला आणि वरच्या पाण्याच्या दाबाने धरून ठेवलेला असतो. शेलमध्ये खडक फोडावा लागतो, कोळशाच्या थरात आधी पाणी उपसावे लागते, आणि या दोन कृतींतूनच पुढचे बहुतेक सगळे धोके निर्माण होतात.

खडक फोडण्याची कल्पना जुनी आहे, अमेरिकेत व्यापारी स्वरूपात ती १९४९ पासून वापरात आहे. शेलसाठी ती चालवून दाखवली ती टेक्सासमधल्या जॉर्ज मिचेल यांनी. फोर्ट वर्थजवळच्या बार्नेट शेलमध्ये त्यांच्या कंपनीने १९८१ पासून सोळा-सतरा वर्षे तोट्याच्या छायेत प्रयोग केले आणि १९९०च्या दशकाच्या अखेरीस महागड्या दाट द्रवाऐवजी (जेल) बहुतांशी पाणी आणि वाळू वापरून वायू मोकळा केला. पुढे विहीर खाली नेऊन आडवी वळवण्याचे तंत्र त्याला जोडले गेले. आज एखादी विहीर दोन-तीन किलोमीटर खाली आणि तितकीच किंवा त्याहून अधिक आडवी जाते, तिच्यात प्रचंड दाबाने कोट्यवधी लिटर पाणी सोडले जाते, खडकाला केसासारख्या भेगा पडतात आणि वाळूचे कण त्या भेगा मिटू देत नाहीत. पाण्यात मिसळलेली रसायने प्रमाणाने एक टक्क्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असतात, परंतु दोन कोटी लिटरांचा एक टक्का म्हणजे दोन लाख लिटर, हा गुणाकार विसरू नये.

या पद्धतीच्या धोक्यांविषयी वाचताना मला एक गोष्ट शिकायला मिळाली: सर्वांत गाजलेला धोका सर्वांत मोठा असेलच असे नाही. नळाच्या पाण्याला काडी लावली की ते पेटते, ही दृश्ये सर्वांनी पाहिलेली असतात. पेनसिल्वेनियातल्या डिमॉक या गावी १ जानेवारी २००९ रोजी एका घराच्या पाण्याच्या विहिरीत मिथेन साठून स्फोट झाला. तिथला दोष किलोमीटर-दोन किलोमीटर खालच्या भेगा वर पोहोचल्या असा नव्हता. वायूच्या विहिरीच्या पोलादी नळीभोवतीचे सिमेंट आणि बांधकाम सदोष असल्यामुळे वायू उथळ भूजलात शिरला, असे राज्याच्या पर्यावरण खात्याने ठरवले. खोदकाम करणाऱ्या कॅबट कंपनीच्या उत्तराधिकारी कंपनीने २०२२ मध्ये पर्यावरणविषयक आरोपाचा न्यायालयात प्रतिवाद केला नाही आणि गावाला सार्वजनिक नळयोजनेचा खर्च देण्याचे मान्य केले. स्फोटापासून त्या दिवसापर्यंत जवळजवळ चौदा वर्षे गेली होती. चौदा वर्षे बाटलीतले आणि टँकरचे पाणी वापरणे म्हणजे काय, हे मराठवाड्यातल्या किंवा माणदेशातल्या कोणालाही वेगळे सांगावे लागणार नाही. अमेरिकेच्या संघीय पर्यावरण संस्थेनेही डिसेंबर २०१६ च्या अंतिम अहवालात, काही परिस्थितींमध्ये या उद्योगामुळे पिण्याच्या पाण्याला बाधा पोहोचते, असा निष्कर्ष काढला. त्याआधी २००५ च्या ऊर्जा कायद्याने या पद्धतीला, डिझेलचा वापर वगळता, भूमिगत जलसंरक्षणाच्या नियमांतून सूट दिलेली होती. ती सूट माझ्या मते अक्षम्य आहे. जो उद्योग स्वतःला निर्धोक म्हणवतो, त्याला जलसंरक्षणाच्या कायद्यातून सवलत मागण्याची गरज का पडावी?

ओक्लाहोमात तर जमीनच हादरू लागली. तिथे तीन किंवा त्याहून अधिक तीव्रतेचे भूकंप २००९ पूर्वी वर्षाकाठी एक-दोन होत, २०१५ मध्ये ते सुमारे ९०० झाले, आणि सप्टेंबर २०१६ मध्ये पॉनी येथे ५.८ तीव्रतेचा धक्का बसला. तेल आणि वायूबरोबर वर येणारे अतिखारट पाणी खोल थरांमध्ये परत दाबले जात होते आणि त्यामुळे जुन्या प्रस्तरभंगांवरचा (खडकांतल्या खोल तड्यांवरचा) दाब बदलत होता. खडक फोडण्याच्या क्रियेपेक्षा ही विल्हेवाट अधिक दोषी होती. नियम कडक करून पाणी दाबण्याचे प्रमाण घटवल्यावर भूकंपही घटले. इंग्लंडमध्ये मात्र खुद्द खडक फोडतानाच धक्के बसले. ब्लॅकपूलजवळच्या विहिरीवर ऑगस्ट २०१९ मध्ये २.९ तीव्रतेचा धक्का बसला आणि त्या नोव्हेंबरात सरकारने हे काम थांबवले. फ्रान्सने तर २०११ मध्येच त्यावर बंदी घातली होती.

माझ्या दृष्टीने सर्वांत मोठा धोका डोळ्यांना दिसत नाही, तो न जळता हवेत जाणाऱ्या मिथेनचा आहे. वीस वर्षांच्या कालावधीत मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या ८० पटींहून अधिक उष्णता अडवतो, शंभर वर्षांच्या हिशेबाने सुमारे ३० पट. अमेरिकेच्या तेल-वायू साखळीतून उत्पादनाच्या २.३ टक्के वायू गळतो, असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासाने दाखवले आणि तो आकडा सरकारी अंदाजापेक्षा सुमारे ६० टक्क्यांनी जास्त होता. गॅस कोळशापेक्षा स्वच्छ, हे वाक्य आपण नेहमी ऐकतो, आणि वीजकेंद्राच्या धुराड्यापाशी ते खरे आहे. पण माझ्या स्वयंपाकघरात गॅसने कोळशाची जागा घेतलेलीच नाही. त्याने सिलिंडरची जागा घेतली आहे. तेव्हा तुलना एलपीजीशी केली पाहिजे.

ती तुलना मी कागदावर मांडून पाहिली. तेवढीच उष्णता मिळवताना नैसर्गिक वायूतून एलपीजीपेक्षा साधारण एक दशांश कमी कार्बन डायऑक्साइड निघतो. एक किलो मिथेन जळला की २.७५ किलो कार्बन डायऑक्साइड होतो. आता त्या किलोमागे वाटेत कुठेतरी फक्त एक टक्का, म्हणजे १० ग्रॅम मिथेन गळला, तर वीस वर्षांच्या मापाने तो ८०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइडइतका भरतो, म्हणजे जळण्यातून झालेल्या उत्सर्जनात जवळजवळ तीस टक्क्यांची भर पडते. एक दशांशाचा फायदा अर्ध्या टक्क्याहूनही कमी गळतीत संपून जातो. शंभर वर्षांचे माप लावले तरी तो एका टक्क्याच्या आसपास संपतो. एलपीजीच्या मागेही तेलविहिरी आणि रिफायनऱ्या आहेत, तोही निर्दोष नाही, त्यामुळे हा हिशेब ढोबळ आहे. शिवाय जहाजाने येणारा वायू द्रवरूप करतानाच त्याचा सुमारे दहावा हिस्सा खर्ची पडतो, तो वेगळाच. यातून मी काढलेला निष्कर्ष इतकाच की पाइप गॅस घेताना सोय आणि सुरक्षितता ही कारणे सांगावीत. हवामानाचे कारण सांगायचे असेल तर गळतीचा आकडा सोबत द्यावा.

आपल्या देशातल्या अपारंपरिक वायूची कथा त्या मानाने लहान आहे. कोळशाच्या थरांतल्या मिथेनसाठी १९९७ मध्ये धोरण आले. पश्चिम बंगालमधल्या राणीगंज पट्ट्यात २००७ मध्ये व्यापारी उत्पादन सुरू झाले. मध्य प्रदेशातल्या शहडोलजवळचे सोहागपूरची दोन क्षेत्रे रिलायन्सला २००१ मध्ये मिळाले आणि तिथून विक्रीयोग्य वायू निघायला मार्च २०१७ उजाडला. त्यासाठी शहडोल ते फूलपूर ही ३०२ किलोमीटरची वाहिनी टाकावी लागली. एवढ्या खटाटोपानंतर या स्रोताचा वाटा देशाच्या वायू-उत्पादनात दोन टक्क्यांच्या आसपास आहे. शेलमध्ये ओएनजीसीने दुर्गापूरजवळ जानेवारी २०११ मध्ये वायू सापडल्याचे जाहीर केले, २०१३ मध्ये सरकारी कंपन्यांना आणि २०१८ मध्ये खासगी कंपन्यांनाही परवानगी मिळाली, परंतु व्यापारी उत्पादन उभे राहिले नाही. कारणे समजण्यासारखी आहेत. आपले खडक अधिक गुंतागुंतीचे आहेत आणि जमीन दाट वस्तीची व तुकड्यातुकड्यांची आहे. अमेरिकेत जमिनीच्या मालकाला खालच्या खनिजाचे स्वामित्वधन मिळते, त्यामुळे तो स्वतःहून करार करतो. आपल्याकडे खनिज सरकारचे, आणि शेतकऱ्याच्या वाट्याला येते ती नुकसानभरपाई. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पाणी. ज्या प्रदेशात उन्हाळ्यात माणसाला आणि जनावराला पाणी पुरत नाही, तिथे एका विहिरीसाठी कोट्यवधी लिटर पाणी कुठून आणणार आणि खारट होऊन वर आलेले पाणी कुठे टाकणार, याचे उत्तर आधी हातात असले पाहिजे.

गेल्या वर्षी माझे दीर म्हणाले, “वहिनी, तुम्ही एवढे वाचताच आहात, तर या कंपन्यांचे थोडे शेअर घेऊन ठेवा. देश गॅसकडेच चालला आहे.” देशाच्या ऊर्जेत वायूचा वाटा सहा-सात टक्के आहे आणि तो २०३० पर्यंत १५ टक्क्यांवर नेण्याचे सरकारचे उद्दिष्ट आहे, त्यामुळे त्यांचे म्हणणे वरवर पाहता योग्य होते. मी सल्लागार नाही. पण जे कागद पाहिले त्यांतून गुंतवणूक म्हणून हा माल कसा आहे याविषयी माझे मत तयार झाले, आणि ते सांगितल्याशिवाय हा अभिप्राय अपुरा राहील.

शेल विहिरीचा स्वभाव ध्यानात घेतला पाहिजे. पहिल्या काही महिन्यांत ती भरभरून देते आणि वर्षभरात तिचे उत्पादन निम्म्याहून अधिक घटते. उत्पादन नुसते होते तेवढे टिकवायचे तरी नवनव्या विहिरी खोदत राहावे लागते आणि त्यासाठी सतत भांडवल लागते. ते भांडवल कर्जाने उभे केले असेल आणि सगळे एकाच वेळी खोदत असतील, तर भाव पडतो. अमेरिकेच्या हेन्री हब बाजारात २००८ च्या उन्हाळ्यात एमएमबीटीयू या उष्णता मोजण्याच्या एककाला १३ डॉलरपर्यंत गेलेला भाव एप्रिल २०१२ मध्ये दोन डॉलरच्या खाली आला होता. शेलच्या लाटेवर सर्वांत उंच गेलेली चेसापीक एनर्जी जून २०२० मध्ये दिवाळखोरीत गेली. ग्राहकाला स्वस्त वायू मिळाला, भागधारकाचे पैसे बुडाले. रिलायन्सने २०१० मध्ये काही महिन्यांच्या अंतराने तीन अमेरिकी शेल भागीदाऱ्या घेतल्या, त्यांपैकी मार्सेलस या शेल पट्ट्यातली एक सुमारे १७० कोटी डॉलरची होती. टप्प्याटप्प्याने विकत विकत नोव्हेंबर २०२१ मध्ये ती कंपनी त्या व्यवसायातून पूर्ण बाहेर पडली. एवढे तज्ज्ञ हाताशी असलेल्या उद्योगसमूहाला जे साधले नाही, ते माझ्या बचतीच्या पैशांना साधेल असे मी का समजावे?

गेलच्या कराराचे उदाहरण मला अधिक बोधक वाटते. त्याचा भाव हेन्री हबच्या ११५ टक्के अधिक तीन डॉलर असा ठरला होता, आणि ते तीन डॉलर द्रवीकरणाचे ठरावीक शुल्क आहे. २०२० मध्ये हेन्री हबचा भाव दोन डॉलरच्या आसपास होता, म्हणजे वायू जहाजात चढेपर्यंतच सव्वापाच डॉलर झाले, आणि त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात आशियाच्या तात्कालिक, म्हणजे दीर्घ कराराविना चालणाऱ्या बाजारात वायू दोन डॉलरच्याही खाली मिळत होता. २०२२ मध्ये हेन्री हबची सरासरी साडेसहा डॉलरच्या जवळ गेली, म्हणजे हाच करार साडेदहा डॉलरच्या आसपास बसला, तेव्हा आशियाच्या बाजारात सरासरी भाव तीस डॉलरच्या वर होता. एकच करार, दोन वर्षांच्या अंतराने एकदा ओझे आणि एकदा खजिना ठरला. विहीर, जहाज, वाहिनी यांतले काहीही मधल्या काळात बदलले नव्हते.

शहरात गॅस वाटणाऱ्या कंपन्यांचे शेअर हा यातला सर्वांत सुरक्षित भाग, असे पुष्कळांना वाटत असे, कारण ग्राहक बांधलेला आणि माल सरकार स्वस्तात देणार. ऑक्टोबर आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सरकारने सीएनजीसाठीच्या स्वस्त देशी वायूचे वाटप लागोपाठ दोनदा कापले आणि काही कंपन्यांचे शेअर एकाच दिवसात दहा टक्क्यांहून अधिक घसरले. पुढे वाटप काही प्रमाणात पूर्ववत झाले. परंतु या धंद्याचा नफा ज्या स्वस्त देशी वायूवर उभा आहे तो दरवर्षी थोडा कमी होत जाणार आणि त्याची जागा आयात वायू घेणार, हे त्या दिवशी सर्वांना दिसले. शेअर घेणाऱ्याने नव्या जोडण्यांच्या संख्येइतकेच लक्ष कंपनीच्या खरेदी करारांकडे द्यावे. किती वायू देशी, किती तेलाच्या भावाशी बांधलेला, किती हेन्री हबशी बांधलेला आणि किती रोजच्या बाजारातून, हे वार्षिक अहवालात आणि गुंतवणूकदारांच्या बैठकींच्या टिपणांत शोधून मिळते. शिवाय विजेच्या रिक्षा आणि बस वाढत आहेत, आणि त्यांचा पहिला फटका घरगुती शेगडीला बसणार नाही, सीएनजीला बसेल, जिथून या कंपन्यांची मुख्य मिळकत येते. दिरांना मी नाही म्हटले.

दाभोळविषयी इथे दोन वाक्ये लिहिल्याशिवाय मला राहवत नाही. तिथे वीजप्रकल्प उभारणाऱ्या एन्रॉन या अमेरिकी कंपनीच्या वीजकराराने महाराष्ट्राला काय दाखवले, ते माझ्या पिढीने पाहिले आहे: मे २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला आणि डिसेंबरात मूळ कंपनीच दिवाळखोरीत गेली. त्याच जागी उभ्या राहिलेल्या वायू टर्मिनलला २०१३ मध्ये पहिले जहाज लागले, पण लाटा अडवणारा बांध पुरा न झाल्यामुळे पुढे कित्येक वर्षे पावसाळ्यात ते बंद राहत असे, आणि एवढी मोठी मालमत्ता वर्षाचे चार महिने समुद्राकडे पाहत उभी असे. वायूच्या व्यवसायात खडकातला साठा मोजून भागत नाही, हे मला माहेरच्या अंगणातूनच कळले होते.

कंपनीकडून मला हवी असलेली सुधारणा अवघड नाही. बिलाच्या मागच्या बाजूला सुरक्षिततेच्या सूचना छापतात, तिथेच दोन ओळी वाढवाव्यात: मागच्या तिमाहीत आपण पुरवलेल्या वायूत देशी किती आणि आयात किती, आणि आपल्या वाहिन्यांमध्ये आत गेलेला व विकलेला वायू यांत किती तूट आली. दुसरा आकडा कंपनीकडे असतोच, कारण ती तूट तिचे स्वतःचे नुकसान असते. उसाच्या मळीपासून आणि शेणापासून तयार होणारा संपीडित जैववायू शहरी पुरवठ्यात मिसळण्याचे बंधन २०२५-२६ पासून एक टक्क्याने सुरू झाले आहे आणि २०२८-२९ पर्यंत ते पाच टक्क्यांवर न्यायचे आहे. त्याचाही आकडा तिथे यावा. ग्राहक मेळाव्यात मी ही मागणी लेखी दिली आहे आणि पोच घेतली आहे.

माझ्या नणंदेच्या इमारतीत पुढच्या महिन्यात जोडणीचे अर्ज भरले जाणार आहेत, आणि तिने विचारल्यावर मी तिला जोडणी घे असेच सांगितले. तिच्या घरी सासरे आजारी असतात, टाकी ओढायला कोणी नसते, आणि तिच्यासाठी हीच सेवा सर्वांत सुरक्षित आहे. त्याबरोबर, चहा आणि दूध तापवण्यासाठी एक इंडक्शन शेगडी घे, ओट्यावरची वरची झडप कायम उघडी ठेव, रबरी नळीवर छापलेली मुदत पाहून ती वेळेवर बदल, आणि चर बुजवल्याशिवाय कामाच्या पूर्ततेच्या कागदावर सोसायटीची सही होऊ देऊ नकोस, हेही सांगितले.